आधी दर्या, मग देऊळ : मालवणातला एक दिवस

मालवणला एका दिवसासाठी येणारी मंडळी बहुतेक एकाच क्रमाने फिरतात. सकाळी आंघोळ करून देवदर्शन, मग किल्ला, मग भरपेट माशांचं जेवण आणि दुपारी तीन वाजता आठवण होते, "ताई, ते स्नॉर्कलिंग राहिलंच की!" गेली अकरा वर्षं मी पाहुण्यांना घेऊन फिरते. स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघणं. माझं पहिलं काम असतं हा क्रम उलटा करायचं. समुद्र सकाळी, देवळं त्यानंतर.

कारण वारा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे आपण सगळेच शिकलो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हिवाळ्यात तो सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट असतं. उन्हं चढली की खारा वारा उलट दिशेने सुटतो, लाटा उठतात, खालची वाळू ढवळली जाते. तोंड पाण्यात घालून बघायला जावं तर पुढे नुसती धुरकट हिरवी भिंत. नवशिक्याच्या नळीत लाटेचं पाणी शिरतं आणि तो घाबरतो. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाच्या आग्रहाला भुलून मी साडेतीनला होडी काढली होती. त्यांची बारा वर्षांची मुलगी दोन मिनिटांत रडत होडीत परत आली, आणि त्यानंतर ती समुद्रात उतरलेली नाही असं तिच्या आईने मला कळवलं. तेव्हापासून दुपारची होडी मी काढत नाही.

वाऱ्याइतकीच महत्त्वाची भरती. माझे बाबा रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासे धरायचे. ते घड्याळ बघायचे नाहीत, तिथी विचारायचे. हिशोब सोपा आहे: जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. थोडं पुढेमागे होतं, पण बेत आखायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ फार असते आणि गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, तेव्हा पाणी शांत. आता दोन्ही जुळवा: सकाळी आठच्या सुमाराला भरती हवी आणि उधाण अजून लांब हवं. म्हणजे दशमी ते द्वादशी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून दोनदा ही खिडकी उघडते. पाहुण्यांचा फोन आला की मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते आणि मगच तारीख देते. एकादशीचा उपास असेल आणि माशांचं जेवणही हवं असेल, तर दशमी घ्या. पावसाळ्यात, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, हे सगळं बंद असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांचं गढूळ पाणी अजून समुद्रात असतं, त्यामुळे तेव्हा घाई करू नका.

आदल्या संध्याकाळीच मालवणात पोचा. रेल्वेने कुडाळला उतरून एसटी किंवा रिक्षा मिळते. रात्री लवकर झोपा आणि दारूला हात लावू नका. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला मी पाण्यात नेत नाही. सर्दीने नाक बंद असेल तरी थांबा.

सकाळी सहाला मी सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज देते, बरोबर लोणच्याची फोड. पोटात आधार राहतो आणि होडीत मळमळत नाही. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ परत आल्यावर.

कपडे अंगाला बसतील असे: लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. ओढणी नको, साडी नको. पूर्ण बाह्यांमुळे उन्हाचं मलम फासावं लागत नाही, तेवढंच रसायन प्रवाळावर कमी जातं. अंगठ्या खोलीवर ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी गळते ते कळतही नाही. लांब मंगळसूत्र लाइफ जॅकेटच्या बक्कलमध्ये अडकतं. ज्यांना काढायचं नसतं त्यांना मी ते दोन पदरी करून टी-शर्टच्या आत घ्यायला सांगते, त्यावर आजवर कुणाची हरकत आली नाही.

"देवाचं दर्शन न घेता पाण्यात उतरायचं?" हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतोच, आणि तो योग्यच आहे. म्हणून सातला मी सगळ्यांना मोरयाच्या धोंड्यापाशी नेते. किनाऱ्यावरचा हा खडक, त्यावर गणपती आणि सूर्य-चंद्र कोरलेले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचं काम सुरू करताना शिवाजी महाराजांनी इथेच पूजा केली. समुद्रात काही करण्याआधी किनाऱ्यावर उभं राहून नमस्कार करायचा, ही मालवणची रीतच इथून सुरू होते असं मी मानते. इथे छप्पर नाही, रांग नाही. पाच मिनिटं उभे राहा. समोर किल्ला दिसतो, आणि किल्ल्याभोवती पाण्यातून डोकावणारे काळे खडकही. ते नीट पाहून ठेवा.

मग चिवल्याच्या किनाऱ्यावर सराव. कमरेएवढ्या पाण्यात, अर्धा तास, आणि तो टाळणाऱ्याला मी होडीत घेत नाही. आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा. हवा शिरत असेल तर दुसरा मागा, पट्टा आवळून काही साधत नाही. कपाळावरचे केस कडेखाली अडकू देऊ नका. मिशी असलेल्यांनी ओठावर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. काच धूसर होऊ नये म्हणून आतून थुंकी फिरवा आणि समुद्राच्या पाण्यात एकदा बुडवून घ्या. ऐकायला बरं वाटत नाही, पण याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर.

नळीचं तोंड ओठांच्या आत धरा आणि दातांनी फक्त टेकवा. जोरात चावलंत तर दहा मिनिटांत जबडा दुखतो. आता उभ्यानेच तोंडाने श्वास घ्या. नाक मास्कमध्ये बंद आहे हे शरीराला पटायला वेळ लागतो, आणि सगळी भीती या एका मिनिटात असते. मी शेजारी उभी राहून मोठ्याने मोजते: चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग फक्त चेहरा पाण्यात. मग माझा हात धरून पाय सोडा. नळीत पाणी आलं तर डोकं न उचलता एकच जोराची फुंकर, चूल फुंकतो तशी. हे तीनदा जमलं की माणूस तयार झाला. पोहता येत नाही म्हणून संकोच करू नका. जॅकेट घालून पालथं तरंगायला पोहणं लागत नाही, शांत श्वास लागतो.

जॅकेटची परीक्षा मात्र स्वतः घ्या. सगळी बक्कलं लावल्यावर दुसऱ्याला तुमच्या खांद्याकडून ते वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. त्या रडलेल्या मुलीचं जॅकेट भाड्याचं होतं, मोठ्या माणसाच्या मापाचं, आणि पाण्यात ते तिच्या कानांपर्यंत वर आलं होतं. मी ते किनाऱ्यावर तपासलं नव्हतं. आता प्रत्येक जॅकेट मी स्वतः ओढून बघते, नवऱ्याने बायकोचं तपासलं असेल तरीही.

सव्वाआठच्या सुमाराला होडी खडकांजवळ पोचते. इथे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल ते शेवटचं. "आज पाणी गढूळ आसा, नको जावया," असं तो म्हणाला तर पैशांची घासाघीस करू नका, परत फिरा. उतरताना उडी मारायची नाही, शिडीने. खाली उभं राहायचा प्रयत्न करू नका: खडकांवर कालवं, म्हणजे चिकटून बसलेले शिंपले, असतात, त्यांची धार पात्यासारखी लागते, आणि तुमच्या पायाखाली जिवंत प्रवाळ चिरडलं जाऊ शकतं. तरंगा, नजर थोडी पुढे ठेवा, पाय गुडघ्यातून न झोडता मांडीपासून हळू हलवा. पहिल्यांदा काही दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे थव्याने येतात, खडकाच्या कपारीत काहीतरी हलतं, तपकिरी गोळ्यासारखा दिसणारा दगड हा दगड नसून प्रवाळ आहे हे कळतं. मालवणचं पाणी अंदमानसारखं निळंशार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. इथे जवळ जाऊन, थांबून बघावं लागतं. चाळीस मिनिटं पुरे. ओठ निळे पडायला लागले किंवा थंडी वाजली तर त्याआधीच वर या.

बिस्किटं किंवा पाव टाकून मासे जमवणारे बरेच आहेत. फोटो छान येतात म्हणून पाहुणेही मागतात. मी देत नाही. हे मासे खडकावरचं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन जगतात. पावाची सवय लागली की ते काम सुटतं आणि खडक शेवाळाने झाकला जातो. १९८७ साली इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. प्रवाळाला कायद्याने वाघासारखंच संरक्षण आहे. आठवण म्हणून एक तुकडाही उचलू नका, मेलेला वाटला तरी.

परत येऊन गोड्या पाण्याने आंघोळ, कोरडे कपडे, घावणे. साडेदहाला मालवणच्या जेटीवरून किल्ल्याची होडी. होडीवाला साधारण तासाभराने परत यायला सांगतो. त्याला आधीच विनंती करा आणि दीड तास मिळवा.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या वळणात लपलेला आहे. आत शिरताच मारुती. तिथेच वरच्या बाजूला, दोन लहान घुमट्यांमध्ये, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. पुढे शिवराजेश्वराचं देऊळ, १६९५ साली राजाराम महाराजांनी बांधलेलं. इथले महाराज आपण चित्रांत पाहतो तसे नाहीत. दाढी नाही आणि डोक्यावर कोळ्यासारखी टोपी. आम्हा दर्यावर जगणाऱ्यांना ते रूप फार जवळचं वाटतं. बाबा दर मोसमाच्या सुरुवातीला इथे नारळ ठेवायचे. गाभाऱ्यात फोटो काढू नका, दोन मिनिटं बसा.

मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे समुद्र आणि मधे या तीन विहिरींना गोडं पाणी. एरवी पाहुणे वाकून बघतात आणि पुढे जातात. पण दोन तासांपूर्वी ज्यांच्या नळीत खारं पाणी शिरलेलं असतं, ते विहिरीच्या काठावर रेंगाळतात. महाराजांनी हेच कुरटे बेट का निवडलं, हे त्यांच्या जिभेला ठाऊक झालेलं असतं. दुसरं कारण तटावर चढल्यावर दिसतं. खाली पाण्यात ते सकाळचे काळे खडक. नवख्या गलबताला या खडकांमधून वाट काढणं कठीण, म्हणून शत्रूला किल्ला गाठणं कठीण. आणि त्याच खडकांना धरून आज प्रवाळ वाढतं.

दुपारच्या जेवणाआधी दर्शनं उरकायची, कारण मासे खाऊन देवळात जायला बऱ्याच जणांना आवडत नाही. मालवणच्या मेढा भागातलं जय गणेशाचं देऊळ, ‘कालनिर्णय’वाल्या जयंतराव साळगावकरांनी बांधलेलं, जेटीपासून जवळ. मग ग्रामदैवत रामेश्वर. दिवाळीच्या पाडव्याला याची पालखी निघते तेव्हा सगळं मालवण रस्त्यावर असतं. बाकीच्या दिवशी देऊळ शांत, फरशी गार. मग थाळी आणि तासभर झोप, ही झोप चुकवू नका. पाण्यात दमलेलं शरीर दुपारी जड होतं.

अंगात बळ असेल तर चारला धामापूर. १५३० सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. इथे पोहायचं नाही. पाय न बुडवता पायरीवर बसायचं.

मागच्या मार्गशीर्षात सांगलीहून बासष्ट वर्षांच्या एक काकू आल्या होत्या. सून आणि नातवंडं पाण्यात, आपण होडीत बसून राहू, असं ठरवून. चिवल्यावर त्यांनी फक्त चेहरा बुडवून पाहिला आणि मग बराच वेळ वर केलाच नाही. दुपारी किल्ल्याच्या तटावर नातवाला जवळ ओढून त्या खाली बोट दाखवत होत्या, "तो तिसरा खडक आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला. तिथे होते ते पट्ट्यावाले."