बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

लिलावातले घर स्वस्त का असते, असे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटतो. किती स्वस्त आहे, हे मात्र सगळे हजारापर्यंत अचूक सांगतात.

कारण साधे आहे. कर्ज बुडाले, बँकेने घर विकायला काढले. पण आत राहणाऱ्याला बाहेर काढणे, साचलेली देणी फेडणे, अर्धवट कागद पुरे करणे ही कामे कुणीतरी करायची राहिलेली असतात. ती करण्याची मजुरी म्हणजे ती सवलत. ज्याला काम करायचे नाही आणि मजुरी मात्र हवी आहे, त्याने सरळ बिल्डरकडे जावे. बँकेच्या वसुली खात्यात बरीच वर्षे काढल्यामुळे लोक अजूनही मला जाहिराती पाठवून सल्ला विचारतात. त्यात त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाच सगळे लिहून टाकतो.

ताब्याचा रकाना न वाचणे

ही सगळ्यात महाग चूक आहे. लिलावाच्या सूचनेत क्षेत्रफळ, राखीव किंमत (म्हणजे जिच्याखाली बोली चालत नाही ती), अनामत रक्कम यांच्या शेजारी कुठेतरी बारीक अक्षरात ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो: सांकेतिक किंवा प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली, पेपरात छापली आणि अधिकारी परत गेला. घरात कर्जदाराचे कुटुंब आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, देवघरात दिवा लागतोय. तुम्ही विकत घेतलेला फ्लॅट तो हाच.

२००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे, म्हणजे बँकांना तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याप्रमाणे, बँक आधी कलम १३(२) ची नोटीस देऊन ६० दिवस थांबते, मग १३(४) खाली ताबा घेते. माणूस आपणहून निघाला नाही तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. आदेश ३० दिवसांत व्हावा, कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, एवढेच. आदेश हातात आला तरी पुढे तहसील कार्यालयाची तारीख, पोलिस बंदोबस्त आणि महिला पोलिस असे सगळे एकाच दिवशी जुळावे लागते. निवडणूक लागली, गणपती आले, बंदोबस्त दुसरीकडे वळला की तारीख पुढे.

आमच्या शेजाऱ्यांच्या जावयाने पिंपरी-चिंचवडमध्ये असाच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. एजंटाने ठोकून दिले होते, "साहेब, महिना-दीड महिन्यात चावी हातात." ताबा सांकेतिक होता. हे कळले तेव्हा पूर्ण पैसे भरून झाले होते. कर्जदार कलम १७ खाली डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला. तिथला अंतरिम स्टे उठेपर्यंत जावयाचा हप्ता सुरू झालेला, जुन्या घराचे भाडेही चालूच. शेवटी ताब्याची तारीख मिळाली. त्या दिवशी दार उघडले ते एका अनोळखी गृहस्थाने, हातात लिव्ह अँड लायसन्सचा करार. "मी भाडेकरू आहे, मला कसे काढता?" अधिकारी आणि पोलिस परत गेले.

तो करार नंतर माझ्याकडे आला. तारीख पाहिली तर १३(२) च्या नोटिशीनंतरची. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला घर भाड्याने देता येत नाही, हे कलम १३(१३) मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. त्यामुळे तो 'भाडेकरू' शेवटी टिकला नाही. पण 'शेवटी' म्हणजे जवळपास दीड वर्षाने. तोवर नव्या घराजवळच्या शाळेत घातलेली मुलगी रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून ये-जा करत होती. आणि एजंट? दोन टक्के घेऊन तो केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चावी दाखवत होता.

माझी सवय सांगतो. जाहिरात आवडली की मी संध्याकाळी दिवेलागणीनंतर इमारतीखाली जाऊन उभा राहतो. फ्लॅटमध्ये उजेड आहे का, गॅलरीत कपडे वाळताहेत का, हे दिसतेच. वॉचमनशी दोन शब्द बोललो तर बँकेच्या फाइलमध्ये नसलेल्या गोष्टी कळतात. मग डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदार आणि जामीनदार दोघांच्याही नावाने प्रकरण शोधतो. आणि बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला ईमेलवर तीन प्रश्न विचारतो: ताबा कोणता, डीआरटीत किंवा कोर्टात काही प्रलंबित आहे का, आत कोण राहते. ईमेलवरच. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला पुढे कुणी वाली नसतो.

लोकांना भलतीच भीती असते, की कर्जदार शेवटच्या दिवशी पैसे भरून घर सोडवून नेईल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात तेच ठामपणे सांगितले. खरी भीती बँकेच्या आळसाची बाळगा. नोटीस नीट बजावली नाही, मुदत पाळली नाही, तर पूर्ण झालेला लिलावही डीआरटीत रद्द होऊ शकतो.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने फक्त प्रत्यक्ष ताब्यातले घर बघावे, असे माझे मत आहे. सवलत थोडी कमी मिळेल. मिळू दे.

एजंटाच्या 'सेटिंग'वर विसंबणे

व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो. लिलावाच्या सूचनेचाच, पण बँकेच्या अधिकाऱ्याचा फोन नंबर कापलेला. खाली ओळ: "ऑफ मार्केट डील, फक्त सिरियस पार्टीने संपर्क साधावा." अहो, ऑफ मार्केट कसले! नियमाप्रमाणे ही सूचना दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट या पोर्टलवर कुणालाही दिसतात. तिथे स्वतःची नोंदणी करून केवायसी पूर्ण केले की बोली लावता येते. ज्याला मोबाइलवरून रेल्वेचे तिकीट काढता येते, त्याला हेही जमते.

"बँकेत आपली सेटिंग आहे, राखीव किमतीत बसवून देतो." हे वाक्य ऐकले की उठून यावे. ई-लिलावात बोली पडद्यावर चालते आणि शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली की वेळ वाढत जाते. तिथे कुणी कुणाला बसवून देत नाही. समोर दुसरा कुणी आलाच नाही, तर एजंट त्याचेही श्रेय घेतो.

एका बाईंनी अनामत रक्कम एजंटाच्या फर्मच्या खात्यात भरली होती. बोली त्याने स्वतःच्या फर्मच्या नावाने लावली. "नंतर नावावर करून देतो, एकच सही," असे सांगून. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे बँक देते तो मालकीचा कागद, बोली जिंकणाऱ्याच्या नावाने निघते. मग फर्मकडून बाईंच्या नावावर करायचे म्हणजे दुसरा व्यवहार आणि दुसऱ्यांदा मुद्रांक शुल्क. पुण्यात ते सहसा सात टक्के असते. ज्या पंधरा लाखांच्या फायद्यासाठी हा खटाटोप केला, त्यातला केवढा हिस्सा असा गेला याचा हिशोब त्यांनी माझ्यासमोर केला नाही, मीही विचारले नाही. अनामत फक्त सूचनेत लिहिलेल्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्ये भरायची, आणि तुमच्याच खात्यातून. याला अपवाद नाही.

सगळे एजंट लबाड नसतात, हेही सांगायला हवे. सोसायटी, महावितरण, महापालिका, दुय्यम निबंधक अशी पायपीट करणारा चांगला माणूस मिळाला तर त्याचे पैसे वसूल होतात. पण त्याला टक्केवारी देऊ नका. टक्केवारीवाल्याला तुमची बोली जितकी चढेल तितके बरे, मग तो "अजून पन्नास हजार टाका साहेब, समोरचा दमलाय" असेच सांगणार. मी लोकांना ठरावीक रक्कम बोलायला सांगतो, तीही लेखी आणि टप्प्याटप्प्याने: थोडी विक्री प्रमाणपत्रावर, मोठा भाग ताबा मिळाल्यावर. ही अट घातली की निम्मे एजंट फोन उचलणे बंद करतात. निवड आपोआप होते.

"होईल हो लोन!"

अनामत सहसा राखीव किमतीच्या दहा टक्के असते. बोली जिंकलात की ती धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळते, पण लेखी, आणि सगळी मिळून तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. "बँकेचे नुकसान झालेच नाही, मग सगळे कसे ठेवते?" असे विचारत लोक कोर्टात जातात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की पूर्ण २५ टक्के जप्त करता येतात.

असे असूनही लोक आधी बोली लावतात आणि मग कर्जाची चौकशी करतात. सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला कित्येक बँका का-कू करतात. बोलीआधी मंजुरीपत्र हातात हवे, आणि कर्ज देणाऱ्याला "लिलावातली मालमत्ता आहे, विक्री प्रमाणपत्रावर द्याल ना?" असे स्पष्ट विचारलेले हवे. ज्याच्याकडे मंजुरीपत्र नाही, त्याच्याशी मी पुढचे बोलतच नाही.

मागची थकबाकी

"जशी आहे, जिथे आहे" ही अट सूचनेत असते. ती शोभेसाठी नसते. मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल सगळे तुमच्या गळ्यात पडू शकते. मागच्या मालकाचे वीजबिल लिलावातल्या खरेदीदाराकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. बँकेने सूचनेत थकबाकीच्या रकान्यात "माहीत नाही" लिहिले असेल तर त्याचा अर्थ "नाही" असा होत नाही. तिने विचारलेच नाही, एवढाच होतो.

सोसायटीच्या सेक्रेटरीला सूचनेची प्रत घेऊन भेटा. बहुतेक सेक्रेटरी आनंदाने बोलतात, कारण त्यांचीही वसुली अडकलेली असते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागतील. द्यायची नाही, पण हे भांडण ताबा मिळाल्यावर करा.

बाकीचे, थोडक्यात

दोन फ्लॅटमधली भिंत पाडून एक केलेले असते आणि तारण त्यातले एकच. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून बघा, नाहीतर स्वयंपाकघर दुसऱ्याच्या मालकीचे निघते.

बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आपला समजू नका. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आणि सेरसाईवरचा (तारणांची केंद्रीय नोंदवही) शोध स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. वकिलाचे पाच-दहा हजार वाचवणारे नंतर मलाच फोन करतात.

५० लाख किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. कुणाच्या पॅनवर भरायचा, ते अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

पतसंस्थेचा लिलाव वेगळा. तिथे सरफेसी लागू नाही. सहकार कायद्याचे कलम १०१ आणि नियम १०७ चालतात, मुदतीही निराळ्या. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे.

कमाल बोलीचा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. वेळ वाढत जाते तसा माणूस घर विसरतो आणि समोरच्याला हरवायला बघतो.

पहिल्या फेरीत कुणी आले नाही तर पुढच्या वेळी राखीव किंमत बऱ्याचदा खाली येते. फेरलिलावाला १५ दिवसांची सूचना पुरते. पण एवढे थांबायला कुणाला सांगायचे?

ताब्याच्या दिवशी आतल्या सामानाचा पंचनामा बँकेकडूनच करून घ्या आणि सामान हलवायची जबाबदारीही तिच्याकडेच ठेवा. कर्जदाराचे कपाट तुम्ही उचलून जिन्यात ठेवले आणि त्याने दागिने गेल्याची तक्रार केली, तर पोलिस ठाण्यात तुम्ही उभे असता, बँक नाही. वीजमीटरचा आकडा त्याच वेळी फोटोत घ्या, कुलूप नवे लावा, आणि ताबा पावतीवर अधिकाऱ्याची सही व शिक्का असल्याशिवाय त्याला जिना उतरू देऊ नका.