फ्रेंचमधलं "केलं असतं": काँदिस्योनेल पासे कसं बनवायचं आणि कुठे वापरायचं

डेल्फ या फ्रेंच परीक्षेची बी वन, बी टू लेव्हल करणाऱ्या मुलांना काँदिस्योनेल पासेची उगाच धास्ती असते, वर्गात नाव काढलं की चेहरे पडतात, आणि मला दरवेळी वाटतं की अरे हा काळ तर आपण रोज बोलतो. सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर कित्येक दिवस लोकांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. "सामान माळ्यावर टाकलं असतं तर", "त्याच रात्री निघालो असतो तर", "पाऊस दोन दिवस आधी थांबला असता तर". घडलं नाही पण घडलं असतं, बस, हाच तो काळ. मराठी येणाऱ्याचं यातलं बरंचसं काम आधीच झालेलं असतं, फक्त एका ठिकाणी आपली मराठीच आपल्याला गंडवते, त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आधी उच्चाराचं बोलून घेऊ, मी सगळं देवनागरीत लिहितोय म्हणून. "झ" लिहिलाय तिथे श म्हणताना गळ्यातून आवाज काढला की जो येतो तो समजा, आणि "ज" म्हणजे आपल्या "जरा" मधला. बाकी कानाने ऐकूनच पक्कं करावं लागतं.

आता बनवायचं कसं. मराठीत आपण म्हणतो "मी गेलो असतो". फ्रेंचमध्ये "असतो" आधी येतो आणि "गेलो" नंतर, एवढाच फरक. "असतो"च्या जागी दोन क्रियापदं आहेत, आव्ह्वार (जवळ असणं) आणि एत्र (असणं), आणि ती काँदिस्योनेल प्रेझाँमध्ये, म्हणजे याच्याच वर्तमान रूपात, घ्यायची. आव्ह्वारचं होतं झोरे, त्यू ओरे, इलोरे, नूजोरियों, व्हूजोरिये, इलजोरे. एत्रचं झ सरे, त्यू सरे, इल सरे, नू सरियों, व्हू सरिये, इल सरे. त्याच्यापुढे पार्तिसिप पासे, म्हणजे "गेलो", "खाल्लं" असलं रूप, लावायचं, जे तुम्ही पासे काँपोजे, म्हणजे साधा भूतकाळ, शिकताना पाठ केलेलंच आहे. म्हणजे झोरे माँझे, मी खाल्लं असतं. झ सरे आले, मी गेलो असतो. झालं.

लिहिताना एक गोष्ट सांभाळा. फ्यूचरचं "झोरे" आणि काँदिस्योनेलचं "झोरे" कानाला जवळपास सारखंच लागतं पण फ्यूचरमध्ये शेवटी ए-आय येतं आणि काँदिस्योनेलमध्ये ए-आय-एस. मूळ तुकडा दोन्हीकडे फ्यूचरचाच, शेपूट मात्र अँपार्फेचं, म्हणजे "करत होतो"वाल्या भूतकाळाचं: ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड, ए-आय-ई-एन-टी. तो एक एस राहिला की "मला मिळालं असतं"चं "मला मिळालेलं असेल" होऊन बसतं आणि पेपर तपासणारा सरळ मार्क कापतो.

आव्ह्वार कुठे आणि एत्र कुठे? नियम पासे काँपोजेचाच. जाणं, येणं, पोचणं, निघणं, पडणं, राहणं, जन्मणं, मरणं असली ठरलेली क्रियापदं आणि स्वतःवर उलटणारी सगळी, ती एत्र घेतात, उरलेली आव्ह्वार. मुलं इथे एक मराठी युक्ती लावतात, की जिथे "त्याने" येतं तिथे आव्ह्वार आणि जिथे नुसतं "तो" तिथे एत्र. ही युक्ती बरीच चालते पण तिच्या भरवशावर राहू नका, कारण "तो झोपला असता", "तो पळाला असता" यात कुठे "त्याने" नाही आणि तरी फ्रेंचमध्ये इलोरे दोर्मी, इलोरे कूर्यू असंच होतं. एत्रला स्वतःलासुद्धा आव्ह्वारच लागतं, झोरेजेते.

एक गंमत मात्र मला फार आवडते. आपल्याकडे उतरणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. हळदीची पोती ट्रकमधून उतरवली असती आणि मी ट्रकमधून उतरलो असतो, ही दोन वेगळी क्रियापदं. फ्रेंच क्रियापद एकच ठेवतं आणि नुसतं सहायक बदलतं: झ सरे देसाँद्यू म्हणजे उतरलो असतो, झोरे देसाँद्यू ले साक म्हणजे पोती उतरवली असती. चढणं-चढवणं, बाहेर पडणं-बाहेर काढणं यांचंही तसंच. कर्म दिसलं की आव्ह्वार.

लिंगवचन मराठी माणसाला जड जाऊ नये. मुलगी "गेले असते" म्हणते, मुलगा "गेलो असतो", तसंच एत्रबरोबर पार्तिसिप कर्त्याप्रमाणे बदलतं, स्त्रीलिंगाला शेवटी एक ई वाढतो, अनेकवचनाला एस. आव्ह्वारबरोबर मराठीसारखं कर्माप्रमाणे बदलतं पण एका अटीवर, कर्म क्रियापदाच्या आधी आलं पाहिजे. झोरे ऊव्हेर ला फनेत्र, मी खिडकी उघडली असती, इथे खिडकी नंतर आलीय म्हणून काही बदल नाही. ला फनेत्र, झ लोरे ऊव्हेर्त, खिडकी ना, मी ती उघडली असती, इथे आधी आली, म्हणून ऊव्हेरचं ऊव्हेर्त. हा त ऐकू येतो, त्यामुळे तोंडी परीक्षेतही पकडला जातो.

नकार असेल तर न आणि पा दोघं सहायकाला मिठी मारून बसतात, पार्तिसिप बाहेर राहतं: झ नोरे पा माँझे, मी खाल्लं नसतं.

आता ती मराठीची फसवणूक. "मी आलो असतो तर तुला पाहिलं असतं." बघा, "असतं" दोन्हीकडे आहे. मराठी दोन्ही अर्ध्यांत तेच वापरते म्हणून आपण फ्रेंचमध्येही दोन्हीकडे काँदिस्योनेल ठोकतो, आणि फ्रेंच कान तिथेच खटकतो. फ्रेंचमध्ये सी ("जर") च्या बाजूला प्ल्यू-क-पार्फे, म्हणजे "आलो होतो"वाला काळ, येतो, काँदिस्योनेल पासे फक्त दुसऱ्या बाजूला. मी मुलांना सांगतो की बोलण्याआधी मनात मराठी वाक्य थोडं मोडा, "तर"च्या आधीच्या असतो-चं होतो करा: "मी आलो होतो तर, तुला पाहिलं असतं". मराठीला ते विचित्र लागतं, लागू दे, फ्रेंच मात्र अगदी तसंच आहे. सी झेते व्हन्यू, झ तोरे व्ह्यू. झेते व्हन्यू म्हणजे नुसतं "आलो होतो". महालक्ष्मी एक्सप्रेस चुकली नसती तर पोचलो असतो, म्हणजे "चुकली नव्हती तर": सी झ नावे पा राते ल त्रँ, झ सरे आरिव्हे. फ्रान्समध्ये शाळेतल्या पोरांना यासाठी एक ओळ शिकवतात, ले सी नेम पा ले रे, सी ला रे (म्हणजे काँदिस्योनेलचं शेपूट) आवडत नाहीत, कारण ते लोकसुद्धा बोलताना इथे चुकतात. ओळ पाठ करून टाका, झोपेतसुद्धा आठवली पाहिजे.

वाक्य उलटं फिरवलं तरी नियम सी ला चिकटून राहतो, जागेला नाही. झ तोरे व्ह्यू सी झेते व्हन्यू, हेही बरोबर. आणि सी चा अर्थ "जर" नसून "का, की नाही" असा असेल तर मात्र रे चालतो: झ म दमाँद सिलोरे आक्सेप्ते, त्याने होकार दिला असता का कोण जाणे. इथे अट नाहीये, शंका आहे.

गोष्ट मागची पण परिणाम आजचा असेल तर दुसऱ्या अर्ध्यात पासे नको, प्रेझाँ ठेवा. सी झावे आप्री ल फ्राँसे आ लेकोल, झ पार्लरे बियँ ओझुर्द्वी, शाळेत फ्रेंच शिकलो असतो तर आज नीट बोलत असतो. मराठीतही "बोललो असतो" न म्हणता "बोलत असतो" म्हणतोच की आपण.

सी शिवायही हा काळ भरपूर येतो. सां त्वा, झोरे राते ल ब्यूस, तू नसतास तर माझी बस चुकली असती. आ ता प्लास, झोरे आताँद्यू, तुझ्या जागी मी असतो तर थांबलो असतो. अट त्या दोन शब्दांतच आली, बोलताना हे फार सोयीचं पडतं.

हळहळ आणि तक्रार यांना मराठीत "असतं" लागेलच असं नाही, त्यामुळे मुलांना सुचत नाही. "मला निघायला पाहिजे होतं" याला झोरे द्यू पार्तीर. "निघता आलं असतं" याला झोरे प्यू पार्तीर. "निघायची फार इच्छा होती पण राहिलं" याला झोरे व्हूल्यू पार्तीर. तिन्हीकडे पार्तीर मूळ रूपातच राहतं, त्याचं पार्ती करू नका, पार्तिसिप आधीच होऊन गेलंय. आणि समोरच्याला टोचायचं असेल, "फोन तरी करायचास की!", तर त्यू ओरे प्यू मापले. "मला सांगायला पाहिजे होतंस", त्यू ओरे द्यू म ल दीर. पहिलं जरा मऊ आहे, दुसऱ्यात दोष देणं जास्त आहे. रोजच्या बोलण्यात ह्या दोन रचना सगळ्यात जास्त कामाला येतात असं माझं मत आहे, व्याकरणाची पुस्तकं मात्र त्यांना शेवटच्या पानावर ढकलतात.

बातम्यांमधला वापर बी टूच्या वाचनात हमखास येतो. आपल्याकडे "असं समजतं", "सूत्रांच्या माहितीनुसार" लिहितात तिथे फ्रेंच पत्रकार सरळ काँदिस्योनेल पासे वापरतो. ल फ्लव्ह ओरे देबोर्दे म्हणजे "नदी पात्राबाहेर गेली असती" असं नाही, तर "नदी पात्राबाहेर गेल्याचं समजतं, खात्री नाही". पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाच्या पातळीचे जे मेसेज ग्रुपवर फिरत होते ना, त्यातले निम्मे फ्रेंचमध्ये याच काळात लिहावे लागतील. (फ्लव्ह म्हणजे समुद्राला मिळणारी नदी, आपली कृष्णा. दुसऱ्या नदीला मिळते ती रिव्हियेर, म्हणजे हरिपूरला कृष्णेत येणारी वारणा.) उताऱ्यात अट कुठेच दिसत नसेल आणि तरी "ओरे" आलं असेल तर आधी हा अर्थ लावून बघा.

जुन्या साहित्यात याचं "झ्यूस" वालं दुसरं रूप सापडतं, ते वाचताना ओळखू आलं तरी पुरे, बोलायचं नाही.

सरावाला पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा घरात, बसस्टँडवर कानावर पडणारी "असतं तर"ची वाक्यं उचला, आधी होतो-असतो करून मोडा आणि मग फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणा. सुरुवातीला हे घ्या: "पाऊस पडला नसता तर आम्ही निघालो असतो." मोडल्यावर "पडला नव्हता तर, निघालो असतो". सिल नावे पा प्ल्यू, नू सरियों पार्ती. पार्तीच्या शेवटी एस लिहिलात का तेवढं तपासा.