टोरंट की यूझनेट? चांगल्या प्रिंटचा व्हिडिओ उतरवण्याआधी

टोरंटमध्ये फाईल इतर वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी येते, यूझनेटवर पैसे भरून कंपनीच्या सर्व्हरवरून. फाईल एकच असेल तर ती टोरंटने आली काय नि यूझनेटवरून आली काय, चित्रात तसूभर फरक पडत नाही. फरक असतो तो वेगात, खर्चात आणि फाईल अखेरपर्यंत पुरी होईल का यात.

पुढची सगळी माहिती हक्क संपलेल्या किंवा मोकळ्या परवान्याच्या व्हिडिओंसाठी आहे. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९२९ साली कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या सुरुवातीच्या बोलपटांवरचा हा हक्क केव्हाच संपला. घरी बघायला अडचण नाही. मंडळाच्या कार्यक्रमात पडद्यावर लावायचे असतील तर कथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे तपासावे लागतात. परवा लागलेला पिक्चर मात्र यात बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये कैदेची आणि दंडाची, दोन्हींची तरतूद आहे, आणि टोरंटमध्ये तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा नंबर) ती फाईल घेणाऱ्या-देणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

जुन्या सिनेमासाठी आधी इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय गाठा. तिथल्या बहुतेक पानांवर टोरंटचा पर्याय असतो. ती टोरंट फाईल क्यूबिटटोरंट या टोरंट उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की आतल्या फाइलींची यादी येते. त्यातली मूळ फाईल तेवढी ठेवा, ती सहसा सगळ्यात मोठी असते. नावाच्या शेवटी ‘आयए डॉट एमपी४’ किंवा ‘५१२केबी’ असेल तर ती आर्काइव्हने स्वतः दाबून केलेली प्रत, तिची खूण काढून टाका. या टोरंटना वेबसीड असतो. म्हणजे एकही सीडर (पुरी फाईल जवळ असून इतरांना देणारा) नसला तरी आर्काइव्हच्या सर्व्हरवरून फाईल येत राहते.

इतर टोरंटचं तसं नाही. कोल्हापुरात राजारामपुरी असो की मंगळवार पेठ, केबलवाल्याकडून घेतलेल्या फायबरवर बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. अशा लाइनवर तुम्ही दुसऱ्याला जोडू शकता, दुसरा तुम्हाला जोडू शकत नाही. एकुलता एक सीडरही अशाच लाइनवर असला की दोघंही एकमेकांच्या दारात पोचत नाहीत आणि टोरंट शून्यावर बसून राहतो. क्यूबिटटोरंटच्या खालच्या पट्टीतलं जोडणीचं चिन्ह हिरवं नसेल तर हाच संशय धरा. उपाय दोन: स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता मागा (महिन्याला वेगळे पैसे पडतात), नाहीतर राउटरवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू होतंय का बघा.

९९ टक्क्यांवर अडकलेल्या टोरंटचं ‘अव्हेलेबिलिटी’ बघा. आकडा १ पेक्षा कमी, समजा ०.९७, म्हणजे जोडलेल्या सगळ्यांकडचं मिळूनही फाईल पुरी होत नाही. सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही. पुरी प्रत असलेला कोणी ऑनलाइन येईपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात मधेच लाइट गेली असेल तर ‘फोर्स रीचेक’ करा, खराब तुकडे तेवढे पुन्हा येतात. अपलोडला लाइनच्या ८० टक्क्यांची मर्यादा घाला. अपलोड तुंबलं की डाउनलोडही मंदावतं, कारण मिळालेल्या डेटाच्या पोचपावत्या त्याच वाटेने जातात.

यूझनेटला सीडरची भानगड नाही. फाईल प्रोव्हायडरच्या, म्हणजे यूझनेटची सेवा विकणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवर असते, त्यामुळे लाइन आहे तेवढ्या पूर्ण वेगाने येते. १०० एमबीपीएसवर २० जीबी साधारण २७ मिनिटांत. पण पदरचे पैसे जातात: प्रोव्हायडरचं खातं वेगळं, चांगल्या इंडेक्सरचं (फाइली शोधून देणाऱ्या साइटचं) बऱ्याचदा वेगळं, आणि बहुतेक ठिकाणी डॉलर किंवा युरोत. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या.

यूझनेटवरून उतरवायचं सॉफ्टवेअर म्हणजे सॅबएनझेडबी. त्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ५६३, एसएसएल (सुरक्षित जोडणी) चालू, जोडण्या सुरुवातीला १०. लाइन भरत नसेल तर २० पर्यंत न्या, त्यापुढे वाढवून फारसं हाती लागत नाही. इंडेक्सरवरची एनझेडबी फाईल, म्हणजे तुकड्यांची यादी, टाकली की सॅबएनझेडबी हजारो छोटे तुकडे गोळा करतं. काही तुकडे सर्व्हरवरून उडालेले असतात, ते पार२ या दुरुस्तीसाठीच्या जादा फाइलींतून भरून निघतात. पार२ चे ब्लॉक जितके, तितकंच नुकसान भरतं. एका ब्लॉकने कमी पडलं तरी आख्खी फाईल वाया. अशा वेळी दुसरं खातं घ्यायचं तर वेगळ्या बॅकबोनचं (मूळ सर्व्हरसाठ्याचं) घ्या, कारण अनेक प्रोव्हायडर एकच साठा वेगवेगळ्या नावांनी विकतात. मासिक योजना नको, ठरावीक जीबीचं ब्लॉक खातं पुरे. २० जीबीसाठी डिस्कवर ४० जीबी मोकळी ठेवा, तुकडे आणि उलगडलेली फाईल काही काळ सोबतच राहतात. आत पासवर्ड लावलेली आरएआर किंवा ईएक्सई निघाली तर न उघडता डिलीट.

जुन्या मराठी सिनेमासाठी यूझनेटवर पैसे घालू नका. तिथं भरणा नव्या, गाजलेल्या गोष्टींचा, आणि त्यातलं बहुतेक हक्काच्या कचाट्यातलं.

उतरलेली फाईल मीडियाइन्फोमध्ये उघडा, हे सॉफ्टवेअर व्हिडिओची तांत्रिक माहिती दाखवतं. नावातल्या ‘१०८०पी’वर जाऊ नका, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, ते बघा. जीबीला ८००० ने गुणा आणि सेकंदांनी भागा. दोन तासांचा १.४ जीबीचा सिनेमा जेमतेम दीड एमबीपीएस निघतो. एच२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत एवढ्यावर अंधारातल्या दृश्यांत चौकटी दिसणारच. ८ ते १० एमबीपीएस असेल तर समाधान माना. पुढे रुंदी. त्या काळचा बोलपट जवळपास चौकोनी असतो, म्हणून १०८० उंचीला रुंदी १४४० च्या आसपास हवी. चित्रच १९२० भर पसरलं असेल तर चेहरे ताणलेत किंवा डोकी कापलीत. सेकंदाला फ्रेम २४ च्या ऐवजी २५ दिसल्या तर प्रत बहुधा जुन्या पाल (टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या) व्हिडिओवरून आली आहे. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि गाण्यांची पट्टी चढलेली ऐकू येते.

टीव्हीवर लावताना आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर फाईल एचईव्हीसी १०-बिट या नव्या प्रकारची असण्याची शक्यता जास्त. जुना टीव्ही ती वाचत नाही, लॅपटॉप एचडीएमआयने जोडा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल कॉपीच होणार नाही, एक्सफॅट करून घ्या. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, ते आधी बाजूला काढा.