एका टिकमध्ये तीन झाडे: नेटलोगोत झालेली माझी चूक

डाळिंबावरील तेल्या रोग बागेत कसा पसरतो, हे प्रबंधासाठी तपासताना मी नेटलोगो (अनेक घटकांचे वागणे संगणकावर अनुकरणाने पाहण्याचे साधन) निवडले आणि त्याच्या जाळीतील एक चौकोन, म्हणजे एक पॅच, हे एक झाड असे धरले. बागेचा खरा नकाशा शेपफाइलमधून (नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलमधून) घ्यायचा असेल, तर गामा हे तशाच प्रकारचे साधन अधिक सोयीचे. पायथन या संगणकभाषेची सवय असलेल्यांना त्यातले मेसा जवळचे वाटेल. साधन निवडण्यात महिने घालवणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण मी ज्या खड्ड्यात पडले तो या तिन्हींत आहे.

सर्व पॅचना मी एकच आस्क, म्हणजे आज्ञा, दिला होता: स्वतः रोगी असल्यास शेजारच्या चार झाडांना ठरावीक संभाव्यतेने रोगी करावे. आस्क पॅचना एकामागून एक, दर वेळी नव्या यादृच्छिक क्रमाने कामाला लावतो. त्यामुळे एका झाडाने दुसऱ्याला रोगी केले आणि त्या दुसऱ्याची पाळी अजून यायची असली, तर ते त्याच टिकमध्ये (प्रारूपातील काळाच्या एका पावलात) तिसऱ्यालाही रोगी करते. माझा टिक म्हणजे एक दिवस. रोग मात्र दिवसात तीन-तीन झाडे ओलांडत होता. आलेख सुबक होता, मार्गदर्शकांनी मान डोलावली आणि मी चार महिने संभाव्यताच कमी-जास्त करत बसले. अशा मार्गदर्शकापेक्षा कोड ओळीओळीने वाचायला लावणारा खवट सहाध्यायी बरा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

पहिल्या आस्कमध्ये प्रत्येक पॅचने आपली पुढची स्थिती वेगळ्या चलात लिहावी आणि सर्वांचे लिहून झाल्यावर दुसऱ्या आस्कने ती लागू करावी, एवढाच उपाय आहे. नेटलोगोच्या ग्रंथालयातील तयार प्रारूप उचलून हे टळत नाही.

तरीही घाबरू नये. पाळीपाळीने होणारा बदल ही दर वेळी चूकच असते असे नाही. नोवाक आणि मे यांनी १९९२ मध्ये जाळीवरील कैद्यांच्या पेचात (सहकार्य करावे की दगा द्यावा, असा दोघांमधला खेळ) टिकणारे सहकार्य दाखवले, तेव्हा सारे खेळाडू एकाच क्षणी बदलत होते. ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी १९९३ मध्ये ते एकेक करून बदलले आणि सहकार्य लोपले. त्यावर पुढे वादही झाला. कोणती पद्धत का घेतली, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलेले असावे.

तपासणी पाच मिनिटांची आहे. संभाव्यता १ ठेवावी, मधोमध एकच रोगी झाड ठेवावे आणि एक टिक चालवावा. रोगी झाडे ५ भरली पाहिजेत, दुसऱ्या टिकला १३. माझ्या जुन्या कोडमध्ये पहिला आकडा दर वेळी वेगळा येत होता आणि बहुतेकदा ५ हून मोठा असे.