लेकरांसाठी काम पण करायचं आणि त्यावर लिहायचं पण, कसं जमवायचं?

अधूनमधून मेसेज येतात, ताई तुम्ही बालहक्काचं काम करता आणि लिहिता पण, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू. खरं सांगू का, या दोन कामांचं आपसात पटत नाही. लिहिणाऱ्याला बारकावे लागतात आणि लेकराचं भलं नेमकं ते बारकावे झाकण्यात असतं. बीडकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांमध्ये बरीच वर्षं काढली, त्यात जे जमलं आणि जे सपशेल फसलं ते सांगते.

फसलेलं आधी. एका मुलीचं लग्न थांबवलं त्यावर लेख लिहिला. नाव बदललं, गाव बदललं, म्हटलं झालं. पण वडिलांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलेली, पोरीच्या पाठीवर तीन बहिणी, दारासमोर बंद पडलेला हातपंप, हे सगळं तसंच ठेवलं कारण वाचायला भारी वाटत होतं. सकाळी पेपर आला, तासाभरात लेखाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि अकराच्या सुमारास वडिलांचा फोन, "ताई, आता हिला गावात तोंड कसं दाखवू द्यायचं?" काय उत्तर देणार.

तर नाव बदलणं हे सगळ्यात सोपं काम आहे, त्यावर विसंबू नका. मी आता कच्चा लेख आमच्याच ऑफिसातल्या, त्याच तालुक्यातल्या एका सहकारी बाईंना देते आणि एवढंच विचारते, कोण असेल ही? त्यांनी ओळखलं की ज्या वाक्यावरून ओळखलं ते वाक्य गेलं, कितीही आवडतं असलं तरी. दोन पोरींची गोष्ट मिसळून एक करू नका, करायचीच झाली तर तसं लेखात सरळ लिहा.

कायदा पण माहिती पाहिजे. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 आणि पोक्सो 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) चं कलम 23, दोन्ही पाठ करा. नुसतं नाव नाही, पत्ता, शाळा, फोटो, घरचे लोक, ज्यावरून ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही. आईवडिलांची सही घेतली म्हणजे सुटलो असं पुष्कळांना वाटतं, तसं नाहीये, पोक्सोमध्ये ती परवानगी विशेष न्यायालय देतं आणि तेही मुलाच्या हिताचं असेल तरच. 2018 ला कठुआच्या प्रकरणात, बलात्कार करून मारलेल्या आठ वर्षांच्या मुलीची ओळख छापली म्हणून, दिल्ली हायकोर्टाने मीडिया हाउसेसना प्रत्येकी 10 लाख भरायला लावले होते, तेही मोठमोठ्यांना, आपण कोण.

आणि एक, मूल बोलायला लागलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, "सांग बाळा, मी कोणाला सांगणार नाही." हे कधीच म्हणू नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम 19 नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि मग त्या लेकराच्या लेखी तुम्ही खोटे ठरता. मी म्हणते, "मदत करू शकणाऱ्या एक-दोघांना सांगावं लागेल, कोणाला ते तुला आधी सांगेन." परत परत विचारायचं नाही, मुलाखत तर त्या वेळी अजिबात नाही.

मग लिहायचं काय? माझं उत्तर आहे, लेकरू झाका आणि यंत्रणा उघडी करा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडल्यापासून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे, तर ते 24 तास लिहा ना, 1098 ला, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनला, फोन किती वाजता केला, कोण आलं, गाडी कोणाची, कुठला कागद नव्हता म्हणून कुठे बसवून ठेवलं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, पत्रिका वाटल्या जात होत्या तेव्हा ते काय करत होते ते विचारा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास हलतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी आणि वर लेकरं, गुढीपाडव्यापर्यंत मुक्काम फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं, त्याच्या मंजुरीची तारीख माहिती अधिकारात मागा, 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवं. मंजुरी डिसेंबरातली निघाली तर लेख तयारच आहे, आणि त्यात एकाही मुलाचं नाव लागत नाही.

संपादकांना हे विषय 12 जूनचा बालमजुरीविरोधी दिन, 14 नोव्हेंबरचा बालदिन आणि बालविवाहांच्या बातम्यांची अक्षय्य तृतीया आली की मगच आठवतात, त्यामुळे सप्टेंबरातच मेल टाकून ठेवायचा. संस्थेला "आधी आणि नंतर"चा फोटो हवा असतो, देणगीदारांसाठी. यावरून माझी भांडणं झालीत, पाठमोरा फोटो पण देत नाही मी. मोबाइलचा ऑटो बॅकअप बंद करा हो, माझ्या मुलाच्या टॅबवर एकदा केसचे कागद दिसले होते, घामच फुटला. वही पण दोन ठेवा, केसची ऑफिसच्या कपाटात, लिहायची घरी. घटनेच्या रात्री लिहायला बसायचं नाही, आठ-दहा दिवस जाऊ द्या, नाहीतर लेखात मूल कमी आणि आपलाच संताप जास्त येतो.

शेवटचं म्हणजे जमत असेल आणि मुलाला त्रास होणार नसेल तर लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. एका मुलीला दाखवलं तर म्हणाली, "मी रडले नव्हते, मला भूक लागली होती." वाक्य काढलं. पुढे संपादकांचा फोन, लेख जरा कोरडा वाटतोय, मुलगी रडली वगैरे असं काही आहे का? म्हटलं नाही सर, जेवली ती. दोन भाकरी आणि ठेचा.