टी-पेशी चालू कशी होते, थांबते कशी: पेपरात या चुका टाळा

सांगलीत बीएस्सीला इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) शिकवताना टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणारी एक पांढरी रक्तपेशी, समजावायला मी शेतातल्या मोटरीचा दाखला देतो. वर्गातली बरीच मुलं रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारी, त्यांना तो लगेच पटतो. पेपरात मात्र ठरलेल्या चुका.

पहिली: ‘रिसेप्टरला अँटिजेन चिकटलं की पेशी सक्रिय होते.’ (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं संकेत घेणारं प्रथिन, अँटिजेन म्हणजे ते ओळखतं तो पदार्थ.) हे अर्धंच उत्तर. समोरच्या पेशीवर एमएचसी हा रेणू प्रथिनाचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, मांडून दाखवतो; टी-सेल रिसेप्टरने ते ओळखलं, हा पहिला संकेत. त्याच पेशीवरचं सीडी80 किंवा सीडी86 हे प्रथिन टी-पेशीवरच्या सीडी28 या रिसेप्टरला भेटलं, हा दुसरा. अजून एकदाही न लढलेल्या पेशीला दोन्ही लागतात. नुसता पहिला मिळाला तर ती बधिर होते आणि पुढे दोन्ही आले तरी धड उठत नाही. यालाच अ‍ॅनर्जी म्हणायचं. एक फेज गेलेली मोटर रेटली की वाइंडिंग जळतं, तसलाच प्रकार.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘संकेत संपला की पेशी थांबते.’ थांबवणारे रिसेप्टर वेगळे असतात, आणि तेही सगळे एकसारखे नाहीत. सीटीएलए-4 हा पेशी चालू झाल्यावर पृष्ठभागावर येतो आणि तेच सीडी80, सीडी86 सीडी28पेक्षा घट्ट पकडतो, समोरच्या पेशीवरून ओरबाडूनही घेतो. (इथे माझी मोटर लंगडी पडते. स्टार्टरचं बटणच पळवणारा रिले मी तरी पाहिलेला नाही.) हा ब्रेक किती मोलाचा? सीटीएलए-4 नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरतात, हे 1995मध्ये दिसलं.

दुसरा ब्रेक पीडी-1. त्याला चिकटणारे जोडीदार निराळे: पीडी-एल1 आणि पीडी-एल2. त्याची पेशीच्या आतली शेपटी एसएचपी-2 हे एन्झाइम बोलावते आणि ते चालू संकेतातले फॉस्फेट काढून टाकतं, म्हणजे संकेत मंदावतो. 2018च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन सीटीएलए-4साठी, तासुकू होंजो पीडी-1साठी. मुलं नेमकं उलट लिहितात.

आणि पीडी-1 दिसला की पेशी ‘थकलेली’, म्हणजे लांबलेल्या लढाईने निकामी झालेली, असं ठोकू नका. नुकत्याच चालू झालेल्या पेशीवरही तो असतो.

शेवटची: ‘पीडी-1 रोखणारं औषध प्रतिकारशक्ती वाढवतं.’ ते काय काढा आहे? ते फक्त ब्रेक सोडवतं. कॅन्सरची गाठ ओळखणारी पेशीच नसेल तर धावणार कोण? उलट थायरॉइड, आतडं यांच्यावर धावणाऱ्या पेशीही मोकळ्या सुटतात. ब्रेक सोडणं वेगळं आणि सीडी28 हे चालू करणारं बटण थेट दाबणं वेगळं: 2006मध्ये लंडनच्या चाचणीत टीजीएन1412 या प्रायोगिक औषधाने ते बटण दाबलं, आणि औषध घेतलेले सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अतिदक्षता विभागात पोचले.