मंडळीचा मेसेज लोकांपर्यंत पोहोचत नाही? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आसपासच्या तालुक्यांतून पाळकांचे (पास्टरांचे), तरुण संघाच्या पोरांचे फोन येतात, "भाऊ, मेसेज टाकतो, पन लोकं येतच नाहीत." त्यांचा ग्रुप उघडून पाहिला की बहुतेक वेळा त्याच त्या चुका निघतात.

"उद्या" लिहू नका. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका पावसाळ्यात आमच्या एका तरुणाने शुक्रवारी रात्री घाईघाईत टाकलं, "उद्या संध्याकाळी ६ वाजता घरसभा. सर्वांनी यावे." त्या रात्री लाइन गेली, टॉवरही बंद पडला. सात किलोमीटरवरच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तो मेसेज शनिवारी रात्री उशिरा उघडला. त्यांनी "उद्या" म्हणजे रविवार धरला. रविवारी संध्याकाळी चौदा माणसं चिखल तुडवत आली, तर ज्यांच्या घरी सभा होती त्यांच्या दाराला कुलूप. मी पोहोचलो तेव्हा एक आजी ओसरीवर बसून लुगड्याच्या काठाने पाय पुसत होत्या. नातवाचा काच फुटलेला फोन त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "हे पाह्य ना बाप्पा, तुमीच त बलावलं." मला काही बोलता आलं नाही.

आमचे जुने पाळक यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली त्याच्या आधीचे. उपासनेनंतर ते प्रत्येक सूचना दोनदा वाचायचे: वार, तारीख, वेळ, कोणाच्या घरी. मीही तेवढंच आणि त्याच क्रमाने लिहितो. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचतो. याला अर्धं मिनिट लागतं. तेवढाही धीर नसेल त्याने हे काम अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आमाले मेसेजच येत नाही." ब्रॉडकास्ट लिस्टवरून (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती यादी) पाठवत असाल तर आधी हे तपासा: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज जातो. नवे पाळक बदलून येतात, नव्या सिमवरून पाठवत राहतात आणि निम्म्या मंडळीला पत्ताच नसतो. मी रविवारी उपासना सुटली की दाराशी उभा राहतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये नंबर स्वतः सेव्ह करून देतो. दुसरा सोपा उपाय मला सापडलेला नाही.

सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि तिथे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग करा. सकाळी वीस जणांनी वचनं लिहिलेली फुलांची चित्रं टाकली की त्याखाली अंत्यविधीची वेळ दबून जाते.

रंगीत चित्रावर बारीक अक्षरांत सूचना नको. नेट कमी असलं की चित्र उघडत नाही, साधा मजकूर निदान वाचता येतो.

अर्पणाचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीच नाही. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी देणगी मागणारी पोस्टही टाकू नका, तशी देणगी घेणं गुन्हा आहे.

संडे स्कूलच्या लेकरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नका.

नाताळच्या सकाळी पहिलं लाइव्ह. दर डिसेंबरला कोणीतरी हे करतंच. फोनवरून यूट्यूब लाइव्ह करायला चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा ती सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. स्तुतिगीत सुरू झाल्यावर हे कळून काय उपयोग? आणि खरं सांगायचं तर खेड्यात लाइव्हची गरज फारशी नाही. लोक कापूस वेचणीला गेलेले असतात. मी दुसरा फोन व्यासपीठावर बायबलजवळ ठेवतो, संदेशातली आठ-दहा मिनिटं निवडतो आणि रात्री जेवणं झाल्यावर ऑडिओ पाठवतो. ज्यांच्या फोनमध्ये मुश्किलीने जागा उरते, तेही तो ऐकतात.

प्रार्थना विनंती जशीच्या तशी टाकणं. हे मात्र मनावर घ्या. आमच्या मंडळीतल्या एका बहिणीने पाळकबाईंना मुलीच्या आजाराबद्दल सांगितलं, प्रार्थना करा म्हणाली. कोणीतरी चांगल्याच हेतूने मुलीचं नाव, आजाराचं नाव, दवाखाना, सगळं ग्रुपवर लिहिलं. दुपारपर्यंत तो मेसेज शेजारच्या तीन गावांत फिरला. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती थांबली. मेसेज डिलीट केला, पण पुढे गेलेल्या प्रती कशा परत आणणार? ती बहीण अजून दर रविवारी येते, पण विनंत्या विचारल्या की मान खाली घालते.

तेव्हापासून मी आधी त्या माणसाला फोन करतो आणि विचारतो, "ग्रुपवर सांगू का? काय सांगू?" तो हो म्हणाला तरी ग्रुपवर एवढंच जातं: "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा." आजार, लग्नाची बोलणी, कर्ज आणि कोर्टकचेरी हे चार विषय आमच्या ग्रुपवर येत नाहीत. त्यासाठी भगिनी मंडळातल्या दोघी-तिघी त्या घरी जातात आणि तिथेच बसून प्रार्थना करतात.